वाढत्या अंगाचा फ्रॉक

माणसाच्या अंगाला कपडा बसला पाहिजे, हा विचार मोठ्यांच्या बाबतीत ठीक असला तरी मुलांच्या बाबतीत घातक आहे. जो कपडा आज बसतो तो पुढच्या वर्षी बसणार नाही, हे उघड आहे. आणि जो पुढच्या वर्षी बसणार नाही तो आज घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. यावरून असं सिद्ध होतं की मुलाला न बसणारा कपडा हाच त्याचा खरा कपडा होय. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. मुलांच्या बाबतीत पाय कधीतरी पसरतीलच, म्हणून अंथरूण आधी आणून ठेवतात.

हे शास्त्र मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माझी ताई, भावोजी आणि भावोजींची धाकटी बहीण यांची मिळून एक खरेदी समिती आहे, आणि तिच्यामागे पिशव्या धरून चालण्याचा मान मला वरचेवर मिळतो. माझं लग्न झालेलं नसल्यामुळे मला समितीत मत नाही. हात दोन आहेत, आणि समितीचं तेवढ्यावर भागतं.

या खेपेची खरेदी माझ्या भाचीसाठी होती. तिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, फिरते. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तरी वाटेत दोन गिरक्या होतात. कपाट आणि धुण्याचं मशीन यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. मोठा माणूस तिथून आडवा होऊन जातो, ही पोरगी तिथे कोपर न आपटता गरागरा फिरते. शाळेच्या संमेलनात लहान मुलींचा ‘सूर्यफुलं’ नावाचा नाच बसवला होता, आणि चक्कर न येता गिरकी घेणारी एकच मुलगी असल्यामुळे बाईंनी भिंगरीला मधलं सूर्यफूल केलं होतं. त्या दिवसापासून ती जेवतानासुद्धा मान उन्हाच्या दिशेला ठेवत असे.

फ्रॉक कसा हवा, ते बाईंनी मुलींना सांगून पाठवलं होतं. पिवळा हवा, गुडघ्यापर्यंत हवा, आणि गिरकी घेतली की फुलला पाहिजे. सात वर्षांच्या मुलींना हे एकदा सांगून कळलं. मोठ्या माणसांना मात्र त्याचा अर्थ लावावा लागतो, त्याला इलाज नाही.

दुकानाच्या दारात मुलांचे पुतळे उभे होते. पुतळ्यांना डोकी नव्हती. (कपडे निवडताना मुलाचं डोकं लागत नाही, ही गोष्ट दुकानदारांच्या फार पूर्वी ध्यानात आलेली आहे.) आत गेल्यावर गळ्यात टेप टाकलेल्या विक्रेत्याने रीतीप्रमाणे विचारलं, “किती वर्षांची?”

“सात,” भिंगरी म्हणाली.

“आठ धरा,” ताई म्हणाली.

“धरायचंच आहे तर नऊ धरा की,” भावोजी म्हणाले.

हीच मुलगी थोड्या वेळापूर्वी बसमध्ये कंडक्टरसमोर साडेचार वर्षांची होती. बसथांब्यापासून दुकानापर्यंत मुलं ज्या वेगाने वाढतात तो पाहिला, की पालकांची काळजी पटते. वाढत्या अंगाची म्हणतात ती अशी.

विक्रेता मुरलेला होता. तो ‘नऊ’च्या कप्प्याकडे वळला, पण तेवढ्यात भिंगरीने ‘सात’च्या कप्प्यातला एक फ्रॉक बोटाने दाखवला, आणि त्याने तो, कुणाला काही न विचारता, काढून दिला. फ्रॉक पिवळा होता. खाली भरपूर घेर, कमरेला पट्टा आणि एका बाजूला एवढासा खिसा. भिंगरी पडद्यामागे गेली आणि पडदा पुरता सरकायच्या आत बाहेर आली. आली ती फिरतच. घेर असा उघडला की शेजारच्या काउंटरवर मोजे बघणाऱ्या एक आजी मोजे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“अगदी हिच्यासाठीच शिवलाय की!” त्या म्हणाल्या.

परक्या माणसांना बोलायला काय जातं! ताईने भिंगरीला थांबवलं, खांद्याशी दोन बोटं घातली, कमरेशी चिमटीत कापड धरून पाहिलं, आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशा आवाजात म्हणाली, “बसतोय.”

“आत्ताच बसतोय?” भावोजींनी विचारलं.

“आत्ताच.”

“म्हणजे परीक्षेपर्यंत गेला म्हणायचा,” आत्या म्हणाली. भिंगरीची ती आत्या, म्हणजेच वर सांगितलेली भावोजींची बहीण. तिची स्वतःची मुलगी अजून रांगते. आणि भिंगरीचा प्रत्येक कपडा काही वर्षांनी तिकडे जायचा असल्यामुळे आत्या समितीत पुढच्या मालकाची प्रतिनिधी म्हणून बसते. ती कापड बोटांत चोळून बघते ते आजच्यासाठी नसतं. दोन मुलींच्या अंगावरून जाऊन शेवटी फरशी पुसायला ते कसं पडेल, इथपर्यंतचा विचार तिच्या बोटांत असतो.

तरीसुद्धा समिती निःपक्षपाती असल्यामुळे पिवळ्या फ्रॉकची रीतसर तपासणी झाली. प्रथम तो उलटा करून शिवणीत किती कापड सोडलंय ते बघण्यात आलं. (सोडलेलं नव्हतं. हल्ली कोणी काही सोडत नाही, असा शेरा भावोजींनी मारला.) मग खालची दुमड उसवून फ्रॉक किती उतरवता येईल ते वितीने मोजण्यात आलं. मग भावोजींनी रुमालाचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून आतल्या बाजूला घासलं, रंग उतरत नाही हे पाहिलं, आणि थोडे निराश झाले. शेवटी दुकानातल्या दिव्याखाली रंग खरा कळत नाही म्हणून तिघांनी तो बाहेर फुटपाथवर नेला आणि उन्हात धरून पाहिला. तिथे तो अधिकच पिवळा निघाला. एवढा सगळा वेळ भिंगरी पडद्यामागे बनियनवर उभी होती. कपड्याच्या तपासणीत मुलाची गरज सुरुवातीलाच लागते.

आता रंगाविषयी. जगात रंग पुष्कळ आहेत, पण मुलांसाठी दोनच: मळका दिसणारा आणि मळखाऊ. माझ्या पाहणीप्रमाणे शंभरातल्या नव्वद आया रंग बघताना मनातल्या मनात आधी त्यावर डाग टाकून बघतात. उरलेल्या दहांच्या हातात तेव्हा मूल असतं आणि डाग खरोखरच पडलेला असतो. मुलगी त्या रंगात कशी दिसेल हा प्रश्न गौण आहे, कारण आपलं मूल सगळ्यात चांगलंच दिसतं. चहा कसा दिसेल, हा खरा प्रश्न.

“पिवळ्यावर सगळं दिसतं हो,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात खेद होता, कारण मघाशी गिरकी घेताना तिनेही बघितलं होतं आणि तिचाही चेहरा क्षणभर फुलला होता. हे मी लग्न न झालेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं असल्यामुळे ग्राह्य धरू नये.

“आणि संमेलन झाल्यावर काय?” आत्या म्हणाली. “रोज कुठे घालणार असला भडक?”

विक्रेत्याने वारा ओळखला आणि ‘नऊ’च्या कप्प्यातून दुसरा फ्रॉक काढला. त्याच्या रंगाला विक्रेता ‘कॉफी’ म्हणाला, आत्या ‘चॉकलेटी’ म्हणाली. खाण्यापिण्याच्या वस्तूंची नावं दिली की रंग गोड लागतो. खरं म्हणजे पाऊस थांबल्यावर मैदानाचा जो रंग असतो, तो तो होता. कापड मात्र जाडजूड. आत शिवणीत चांगलं चार बोटं कापड सोडलेलं. खांदे असे की त्यात भिंगरीबरोबर तिची एखादी मैत्रीणही राहिली असती. तो घालून ती पडद्याबाहेर आली तेव्हा फ्रॉक घोट्याला टेकत होता आणि हात कुठे आहेत ते शोधावं लागलं.

समितीचे चेहरे उजळले.

“हा बघ! हा कसा अंगभर आहे,” आत्या म्हणाली.

“मळखाऊ पण आहे,” ताई म्हणाली.

“मळ खाऊन खाऊन याचं पोट भरलं की मग काय होतं?” भिंगरीने विचारलं.

तिला उत्तर देण्यात आलं नाही, कारण अजून तिला विचारण्याची वेळ आली नव्हती. आमच्या घरी मुलांचं मत घेतल्याशिवाय काही खरेदी करत नाहीत. फक्त ते शेवटी घेतात, सगळं ठरल्यावर, म्हणजे मुलांवर निर्णयाचा भार पडत नाही. त्याप्रमाणे भावोजी तिच्यासमोर उकिडवे बसले.

“तुला कुठला आवडला, बेटा? अगदी मोकळेपणी सांग.”

“पिवळा.”

“तो टोचत होता ना गं?”

“नाही.”

“टोचेल नंतर. हा बघ किती मऊ आहे. मऊ आहे ना?”

“मऊ आहे.”

“झालं तर मग,” भावोजी उठत म्हणाले. “तिलाही हाच आवडलाय.”

“पण बाबा, सूर्यफूल पिवळं असतं,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “मी मधलं सूर्यफूल आहे.”

हा मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्यापुढे भावोजींची बुद्धी फार चालते. त्यांनी जरासा विचार केला आणि शांतपणे म्हणाले, “सूर्यफुलाचा मधला भाग कुठल्या रंगाचा असतो?”

भिंगरीने काउंटरवरच्या पिवळ्या फ्रॉककडे पाहिलं.

“तपकिरी! मुख्य भाग तोच. बिया त्याच्यातच असतात, तेल त्याच्यातूनच निघतं. पाकळ्यांचं काय, आज आहेत उद्या गळून जातील. आणि तू कुठलं सूर्यफूल आहेस? मधलं. मग?”

विक्रेत्याने मान खाली घालून फ्रॉकची घडी घातली. अशा प्रसंगी घडी घालण्याची सोय असते म्हणून ती माणसं त्या धंद्यात टिकतात. पिवळा फ्रॉक तिथेच काउंटरवर राहिला. भिंगरी दुकानातून सरळ चालत बाहेर आली. एकही गिरकी न घेता ती इतकी लांब चाललेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला फार वाईट वाटलं. मी तसं ताईला बोलूनही दाखवलं.

“अरे, शिवून लहान करता येतं, पण शिवून मोठं नाही करता येत,” ताई म्हणाली. “तुझं लग्न झालं की कळेल.”

घरी आल्यावर फ्रॉकची उंची कमी करण्यात आली. ती कापून केली असती तर टिकली असती, पण कापलेलं कापड परत वाढत नाही आणि भिंगरी वाढणार होती. म्हणून खालचा भाग आत दुमडून त्याला हातानेच लांब लांब टाके घालण्यात आले; पुढे सुखाने उसवता यावेत म्हणून अगदी सैल. बाह्यांना आतून सेफ्टी पिना लावल्या. गळ्यापाशी एक चुणी घातली. एवढं झाल्यावर तो फ्रॉक आठ वर्षांच्या मुलीला बऱ्यापैकी बसला असता.

रंगीत तालमीच्या दिवशी बाईंनी भिंगरीला वरपासून खालपर्यंत आणि परत वरपर्यंत पाहिलं. बाई अनुभवी होत्या. पालकांशी वाद घालून फ्रॉकचा रंग बदलत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी भिंगरीलाच बदललं. संध्याकाळी ती घरी आली आणि दप्तर खुर्चीवर ठेवून म्हणाली, “मी आता कुंडी आहे.”

“कुंडी?” ताईचा हात पोळपाटावर थांबला.

“कुंडीने हलायचं नसतं. बाई म्हणाल्या, नुसतं उभं राहायचं.”

मग आत्याने फोनवरून पहिली बाजू सावरली: कुंडीच नसेल तर फुलं राहणार कशात? भावोजींनी दुसरी सावरली: सूर्यफुलं ढीगभर असतील, कुंडी एकच आहे, म्हणजे बढतीच झाली म्हणायची. (सूर्यफुलं कुंडीत नाही, शेतात लावतात, असं मी म्हणालो. माझ्या म्हणण्याची नोंद कुठल्या कारणास्तव घेतली गेली नाही ते वर आलेलंच आहे.) दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना ताईने सांगितलं, “आमची मधली कुंडी आहे.”

मात्र कुंडी एकच आहे, ही भावोजींची समजूत टिकली नाही. बाईंनी बोलावलेल्या सगळ्याच सूर्यफुलांना आईवडील होते, आणि सगळेच विचारी. संमेलनाच्या दिवशी पडदा वर गेला तेव्हा अकरा सूर्यफुलांपैकी प्रत्यक्षात चार उरली होती. बाकीच्यांमध्ये तीन कुंड्या होत्या, दोन झाडाची खोडं होती, निळ्या पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी आकाश झाली होती, आणि एका मुलीला वडिलांचा करडा स्वेटर उसवून विणलेला झगा घालून आणल्यामुळे कोपऱ्यात दगड म्हणून बसवलं होतं. नाचाचं नाव ‘सूर्यफुलं’ बदलून ‘निसर्ग’ करण्यात आलं होतं. सभागृहातल्या प्रत्येक पालकाला वाटत होतं की बाकीच्यांनी जरा तरी पिवळं घ्यायला हवं होतं.

गाणं सुरू झालं. चार सूर्यफुलं झुलू लागली. कुंड्या उभ्या होत्या, दगड बसला होता, आकाश नाक पुसत होतं. सगळं बाईंनी बसवल्याप्रमाणे चाललं होतं. मग गाण्यातली गिरकीची ओळ आली, आणि मधलं सूर्यफूल म्हणून नव्याने नेमलेली मुलगी अर्ध्या फेऱ्यातच अडखळून थांबली. गाणं पुढे चाललं होतं आणि रंगमंचावर फिरणारं कोणी नव्हतं. तेव्हा त्या मधल्या कुंडीचा एक पाय हलला.

भिंगरी फिरली. एकदा, दोनदा, मग गिरक्या मोजता येईनात. नऊ वर्षांच्या मापाचा तो घेर. त्यातून बाह्यांच्या पिना निखळल्या, गळ्याची चुणी सुटली आणि समितीने पुढच्या दोन वर्षांसाठी आत राखून ठेवलेलं सगळं कापड एकाच वेळी हवेत उघडलं. सूर्यफुलं मागे सरकली. दगड उठून बाजूला झाला. रंग तोच, पाऊस थांबल्यानंतरच्या मैदानाचा; पण ते मैदान गरागरा फिरत होतं आणि मध्ये भिंगरीचं तोंड हसत होतं. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, हे मला नंतर इतरांनी सांगितलं. इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

“बघ! मोठा घेतला म्हणून!” भावोजी ताईला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात खालच्या दुमडीचे टाके सुटले. दुमड एका बाजूने लोंबली, भिंगरीचा पाय तिच्यात अडकला, आणि ती धाडकन पालथी पडली. लगेच उठली. कुंडीसारखी ताठ उभी राहिली. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

समिती धावतच पडद्यामागे गेली. मी पिशव्या घेऊन मागोमाग गेलो. तिथल्या पिवळ्या बल्बखाली ताईने फ्रॉक मागून पाहिला, पुढून पाहिला. दुमड उसवली होती, पण फाटली नव्हती. टाके सैल घातल्याचा फायदा तो हाच. आत्याने बाजूच्या शिवणी ओढून पाहिल्या. एकही दोरा निघालेला नव्हता. रंगमंचावरची धूळ ही एवढी होती, मुली तर नखशिखांत माखल्या होत्या, तरी फ्रॉकवर कुठे म्हणून कुठे काही दिसत नव्हतं.

“पिवळा असता तर?” भावोजींनी विचारलं.

“नावच नको,” ताई म्हणाली.

कमरेजवळचं एक बटण लोंबत होतं, ते आत्याने तोडून पर्समध्ये नीट ठेवलं. बाकी फ्रॉक जसाच्या तसा होता. अजून दोन वर्षं त्याला मरण नाही, असा निर्वाळा तिथल्या तिथे देण्यात आला, आणि सगळे समाधानाने घरी निघाले.

वाटेत भिंगरी एका बाजूने फ्रॉक चिमटीत धरून, अंगापासून जरा लांब ठेवून, हळूहळू चालत होती.

“बघा तरी,” आत्या कौतुकाने म्हणाली, “एवढ्याशा वयात किती जपते कपडे! आमच्या वेळी कुठे होती एवढी समज?”

ताईलाही बरं वाटलं. मी पिशव्या सांभाळत मागे राहिलो होतो, म्हणून भिंगरी माझ्यासाठी थांबली आणि हळूच म्हणाली, “मामा, मळखाऊमध्ये रक्तपण चालतं का?”

गुडघा चांगलाच फुटला होता. दुमड सुटून फ्रॉक परत घोट्यापर्यंत आल्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं. ही गोष्ट मी आधी का सांगितली नाही, असं आता तुम्ही रागाने विचाराल. पण तुम्ही विचारलंत कुठे? ती धाडकन पडली असं सांगून मी दुमडीवर आलो, तुम्ही माझ्याबरोबर दुमडीवर आलात. मग शिवणी झाल्या, धूळ झाली, बटणसुद्धा झालं. आणि कुठे फाटलेलं नाही म्हटल्यावर तुम्हीही हुश्श केलंत.